पेढीच्या फळ्यांपासून काचेच्या दारापर्यंत



मागच्या व्याख्यानानंतर चहा घेताना एक गृहस्थ आम्हाला भेटले. तालुक्याच्या गावी एका पतसंस्थेचे ते सचिव. संस्थेची नवी इमारत उभी राहतेय, खाली कामकाज आणि वर सभागृह. त्यांच्या पिशवीत तीन कोटेशनं होती. म्हणाले, "सर, संचालक मंडळाने दर्शनी दार काचेचं करायचं ठरवलंय. तीन भाव आलेत आणि तिन्हींत बराच फरक आहे. कोणतं घेऊ?" आम्ही हसलो. म्हटलं, "अहो, आम्ही इतिहासाची माणसं. आमचा काय संबंध?" ते म्हणाले, "म्हणूनच विचारतोय. दुकानदार काय, ज्याचा तो आपलाच माल चांगला म्हणणार."

त्या वेळी आम्हाला उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न डोक्यात राहिला आणि घरी जाऊन आम्ही वाचायला बसलो. वाचता वाचता लक्षात आलं, की काचेच्या दाराबद्दल आज जे नियम सांगितले जातात, त्यांतल्या बऱ्याच नियमांमागे माणसं आहेत. कुणी जखमी झालं, कुणी अडकलं, कुणी गेलं, आणि मग नियम आला. म्हणजे हा प्रश्न इतिहासाचाच निघाला. आजचं व्याख्यान हे त्या सचिवांना दिलेलं उत्तर आहे, जरा लांबलेलं.

सुरुवात फार मागे जाऊन न करता अलीकडच्या एका घटनेने करू. जून २०२० मध्ये केरळमधल्या एका बँकेच्या शाखेत एक महिला कामासाठी आली होती. काहीतरी विसरलं म्हणून ती घाईघाईने बाहेर निघाली. समोर काचेचं दार होतं, आणि ते बंद होतं. ते तिच्या लक्षात आलं नाही. ती धावत जाऊन त्यावर आदळली. काच फुटली, तिचा धारदार तुकडा पोटात शिरला आणि ती दगावली. हे सगळं कॅमेऱ्यात टिपलं गेलं, देशभर बातमी झाली. इथे आग नव्हती, दरोडा नव्हता, भूकंप नव्हता. भर दिवसा, रोजच्या कामासाठी आलेलं माणूस, आणि एक दार. आपण आज जे बोलणार आहोत ते या घटनेला धरून बोलू या.

आता थोडं मागे जाऊ.

आपल्याकडच्या जुन्या दारांचा विचार केला, तर दार हे मुळात अडवण्यासाठी असायचं. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. जाड लाकूड, त्यावर लोखंडी खिळे, हत्तीने धडक दिली तर त्याच्याच डोक्यात रुतावेत असे. आणि त्या प्रचंड दरवाज्यात माणसासाठी एक छोटी दिंडी. वाकून आत जायचं. आतल्याला सोयीचं, बाहेरच्याला गैरसोयीचं, हेच त्या दाराचं काम होतं.

दुकानाची गोष्ट मात्र उलटी. बाजारपेठेतल्या जुन्या दुकानाला दिवसा दारच नसायचं. ओटा, त्यावर गादी, गादीवर शेटजी, मागे माल. रात्री लाकडी फळ्या लावायच्या. वर आणि खाली खाच, त्यात एकेक फळी सरकवत न्यायची, शेवटच्या फळीला कडी आणि कुलूप. फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून त्यांवर आकडे टाकलेले. सकाळी फळ्या काढल्या की दुकान उघडलं. म्हणजे व्यापाराच्या जागेला दोनच अवस्था होत्या. एक तर सगळं उघडं, नाहीतर सगळं बंद. गिऱ्हाईक रस्त्यावर उभं राहून मालही पाहत होतं आणि मालकही.

काचेने यात तिसरी अवस्था आणली: बंद असून दिसणारं दुकान. आज आपल्याला त्यात काही नवल वाटत नाही, पण ती फार मोठी उलथापालथ होती.

ही उलथापालथ उशिरा झाली, याचं कारण काचेची किंमत. सपाट, मोठी, आरपार दिसणारी काच बनवणं फार कष्टाचं काम होतं. एक पद्धत अशी, की काचेचा मोठा नळकांड्यासारखा फुगा फुंकायचा, तो उभा चिरायचा आणि तापवून सपाट करायचा. दुसरी पद्धत म्हणजे वितळलेली काच धातूच्या मेजावर ओतायची, लाटायची आणि मग दोन्ही बाजूंनी घासून घासून चकचकीत करायची. या दुसऱ्या काचेला प्लेट ग्लास म्हणत. ती सुंदर असे आणि भयंकर महाग. त्यात इंग्लंडमध्ये १७४६ पासून काचेवर कर होता. तो उठला १८४५ मध्ये. पुढे सहाच वर्षांत, १८५१ मध्ये, लंडनच्या जागतिक प्रदर्शनासाठी जोसेफ पॅक्सटन यांनी क्रिस्टल पॅलेस उभारला. लोखंडी सांगाडा आणि त्यात सुमारे ३ लाख काचा. लोकांनी एवढी काच एका जागी कधी पाहिलीच नव्हती. त्यानंतर लंडन-पॅरिसच्या मोठ्या दुकानांनी दर्शनी भागात काच लावायचा सपाटा लावला.

मुंबईतही ती लाट आली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काळा घोड्याजवळ आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स आलं, हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, मोठमोठी दुकानं आली. या रस्त्याची एक खुबी बघा. १८९६ च्या नियमाप्रमाणे तिथल्या इमारतींना पायी चालणाऱ्यांसाठी कमानींचा झाकलेला मार्ग ठेवावा लागे. काच होती ती या कमानींच्या आत, सावलीत. दुपारचं ऊन थेट काचेवर पडत नसे, पावसाचा मारा बसत नसे. गिऱ्हाईक छत्री मिटवून, पाय कोरडे करून मग दारापाशी येई. आज आपण काचेचं दार थेट रस्त्याला भिडवतो, पश्चिमेच्या उन्हात, आणि मग आत एसी वाढवत बसतो. त्या कमानी का होत्या हे आपण विसरलो.

आपल्याकडे काच बनवण्याचे प्रयत्न झाले, त्यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. स्वदेशीच्या काळात, १९०८ मध्ये, तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. सामान्य माणसाने दिलेल्या एकेक पैशातून उभा राहिलेला हा कारखाना, त्यामागे अंताजी दामोदर काळे यांची धडपड आणि लोकमान्यांचा पाठिंबा. पुढे १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा कारखाना निघाला, गावाचं नावच ओगलेवाडी पडलं, आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला. पण या कारखान्यांची ओळख झाली ती कंदील, चिमण्या, काचसामान यांनी. दुकानाच्या दर्शनी भागाला लागणारी मोठी सपाट काच पुढेही बराच काळ बोटीने येत राहिली. म्हणून आपल्या आजोबांच्या पिढीला काच म्हणजे जपायची वस्तू. "काचेचं भांडं आहे, सांभाळून" असं आपण अजूनही म्हणतो. आणि अशा वस्तूचं दार करायचं, ही कल्पना त्यांना वेडेपणाची वाटली असती. ती भीती अगदीच चुकीची नव्हती.

कारण साधी काच कशी फुटते? लांब, टोकदार सुऱ्यांसारखी. चौकटीत बसवलेली खिडकीची काच फुटली तर निदान माणूस तिच्यातून चालत नसतो. दारातून माणूस चालतो, धावतो, सामान घेऊन जातो, पोरं खेळत पळतात. म्हणून काचेच्या दाराचा पहिला प्रश्न सौंदर्याचा नाही. फुटली तर कशी फुटेल, हा आहे.

या प्रश्नाचं उत्तर सापडायला फार वर्षं लागली, आणि त्याची सुरुवात एका खेळण्यापासून झाली. १६६० च्या सुमारास इंग्लंडच्या दरबारात प्रिन्स रूपर्ट यांनी काचेचे काही थेंब आणले. वितळलेल्या काचेचा थेंब थंड पाण्यात टाकला की त्याचा शेपटीवाला मणी बनतो. या मण्याच्या डोक्यावर हातोडी मारा, फुटत नाही. शेपटी मात्र बोटाने मोडली की सगळा मणी क्षणात भुगा होऊन उडतो. रॉयल सोसायटीच्या विद्वानांनी त्यावर खल केला. आज आपल्याला कारण ठाऊक आहे. बाहेरचा थर आधी गार होऊन घट्ट होतो, आतला नंतर आकसतो, त्यामुळे पृष्ठभाग दाबाखाली राहतो आणि गाभा ताणाखाली. दाबाखालच्या पृष्ठभागाला सहज चीर जात नाही. पण एकदा का चीर गाभ्यापर्यंत पोचली, की सगळा ताण एकदम सुटतो.

या तत्त्वाचा उपयोग करायला दोनशे वर्षं गेली. १८७० च्या दशकात फ्रान्सच्या द ला बास्ती यांनी तापलेली काच तेलात बुडवून कडक करून पाहिली. विसाव्या शतकात हे काम हवेच्या झोतांनी होऊ लागलं. काच सहाशे अंशांच्या वर तापवायची आणि दोन्ही बाजूंनी जोरात गार हवा मारायची. हीच आपली टफन्ड काच. साध्या काचेच्या चार ते पाच पट बळकट. आणि फुटली तर मक्याच्या दाण्यांएवढे बोथट तुकडे होतात. ओरखडे येतील, रक्त येईल, पण सुरी पोटात जाणार नाही.

दुसरं उत्तर अपघाताने सापडलं. १९०३ मध्ये फ्रान्समध्ये एदुआर बेनेदिक्तुस नावाचे कलाकार आणि रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांच्या हातून काचेचा एक चंबू खाली पडला. तडे गेले, पण चंबू विखुरला नाही. पाहतात तो आत जुन्या द्रावणाचा पातळ थर वाळून चिकटलेला. त्यातून दोन काचांच्या मध्ये चिकट पापुद्रा घालायची कल्पना निघाली आणि १९०९ मध्ये त्यांनी पेटंट घेतलं. हीच लॅमिनेटेड काच. मोटारीच्या पुढच्या काचेला दगड लागला तर ती जाळं पडल्यासारखी होते पण जागेवर राहते, ती ही. चोरालाही ती सहज फोडून आत शिरता येत नाही.

म्हणजे काचेच्या दारासाठी सुरक्षित काच काय असते, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच माहीत झालं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि लावणं वेगळं. अमेरिकेत घराघरांत आणि दुकानांत काचेची दारं आली, साध्या काचेची दारं फुटून माणसं, मुलं जखमी होत राहिली. शेवटी १९७७ मध्ये तिथे दारांच्या काचेसाठी देशभर सुरक्षा मानक लागू झालं. आपल्याकडे सुरक्षा काचेसाठी आयएस २५५३ हे भारतीय मानक आहे. आणि तरीही २०२० मध्ये केरळात ती घटना घडली. नियम कागदावर असतो, दार रस्त्यावर असतं. दोघांच्या मध्ये विकत घेणारा माणूस उभा असतो, कोटेशन हातात घेऊन.

आता एक वेगळी गोष्ट सांगतो. ही बँकेची आहे, म्हणजे पतसंस्थेच्या जवळची.

जुन्या बँका कशा असत? मुंबईच्या फोर्टात फिरून या. दगडी खांब, जाड भिंती, भक्कम दरवाजे. तुमचा पैसा इथे सुरक्षित आहे, असं ती इमारत सांगत असे. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर मॅन्युफॅक्चरर्स ट्रस्ट कंपनीने याच्या बरोबर उलटं केलं. वास्तुविशारद गॉर्डन बनशाफ्ट. सगळी बँक काचेची. आणि तिजोरीची खोली तळघरात न ठेवता रस्त्याच्या बाजूला, काचेच्या मागे. ३० टनांचं तिजोरीचं दार रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसायचं. लोक पाहायला गर्दी करू लागले. बँकेचं म्हणणं साधं होतं: लपवण्यासारखं आमच्याकडे काही नाही.

याच सुमारास काच स्वस्त करणारं तंत्रही येत होतं. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीत ॲलिस्टर पिल्किंग्टन नावाचे अभियंते होते. गंमत म्हणजे कंपनीच्या मालक घराण्याशी त्यांचं नातं नव्हतं, आडनाव तेवढं एक. त्यांनी वितळलेली काच वितळलेल्या कथिलावर तरंगवली. कथिलाचा पृष्ठभाग आरशासारखा सपाट, म्हणून काचही सपाट, घासायची गरजच नाही. सात वर्षं खपून १९५९ मध्ये त्यांनी ही फ्लोट पद्धत जाहीर केली. आज इमारतींत दिसणारी जवळजवळ सगळी सपाट काच अशीच बनते. आपल्याकडे १९९० च्या दशकात रायगड जिल्ह्यात तळोज्याला फ्लोट काचेचा कारखाना आला. उदारीकरणानंतर नव्या बँका, मॉल, शोरूम, एटीएम, सगळीकडे काच दिसू लागली, त्यामागे ही स्वस्ताई आहे.

आणि आपल्या गावातल्या बँकेचं काय होतं? १९६९ मध्ये १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि शेतकरी, छोटा दुकानदार बँकेच्या दारात येऊ लागला. ते दार कसं होतं आठवतंय? लोखंडी चॅनेल गेट, अर्धं उघडलेलं, मध्ये साखळी. साखळीखालून वाकून किंवा अंग चोरून आत जायचं. बाजूला बंदूकवाला. सुरक्षिततेसाठी होतं, मान्य. पण आपल्या पैशाच्या जागी वाकून शिरायचं, ही शनिवारवाड्याची दिंडीच झाली की.

काचेचं दार आलं तेव्हा वाटलं, आता हे संपलं. सगळं मोकळं, सगळं दिसतंय. पण आम्ही गावोगाव व्याख्यानांना फिरताना एक दृश्य वारंवार पाहिलं आहे. चकचकीत काचेचं दार, आत एसी, पांढरी फरशी, आणि दाराबाहेर पायरीवर काढून ठेवलेल्या चपला. कुणी सांगितलेलं नसतं, पाटी नसते. म्हाताऱ्या बाई येतात, चपला काढतात, मग दाराकडे बघत उभ्या राहतात. ढकलायचं की ओढायचं? दारावर लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत. मग आतलं कुणी उठून दार उघडेपर्यंत त्या थांबतात. काचेतून सगळं दिसतं, पण आत जाता येत नाही. साखळीची जागा संकोचाने घेतली.

हे निव्वळ भावनेचं बोलणं नाही. हिशोब करून बघा. काचेचं वजन दर मिलिमीटर जाडीला, दर चौरस मीटरला अडीच किलो असतं. बिनचौकटीच्या दर्शनी दाराला साधारण १२ मिलिमीटरची काच लावतात. म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. दार १ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच धरलं, तर ६३ किलो. एका धडधाकट माणसाएवढं वजन. ते फिरतं जमिनीत बसवलेल्या फ्लोअर स्प्रिंगवर. स्प्रिंग नीट जुळवली तर दार करंगळीने उघडतं आणि सावकाश बंद होतं. कडक ठेवली तर सत्तरीच्या आजीबाईंना ते ढकलता येत नाही, आणि ढकललं तर मागून टाचेवर येऊन आपटतं.

तेव्हा दार किती सहज उघडतं, हाही इतिहासाने विचारलेला प्रश्न आहे. त्याची सगळ्यात भीषण आठवण बोस्टनची. १८८८ मध्ये फिलाडेल्फियाच्या थिओफिलस व्हॅन कॅनेल यांनी फिरत्या दाराचं पेटंट घेतलं होतं. कल्पना हुशारीची. दार कायम फिरतं आणि कायम बंदही, त्यामुळे वारा, धूळ, थंडी आत येत नाही. उंच इमारतींना ते फार सोयीचं ठरलं. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री बोस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबमध्ये आग लागली. परवानगीपेक्षा कितीतरी जास्त माणसं आत होती. मुख्य दार फिरतं होतं. दोन्ही बाजूंनी गर्दी लोटली आणि ते अडकलं. बाकीच्या दारांपैकी काहींना कुलपं, काही आतल्या बाजूला उघडणारी. गर्दीचा रेटा असा, की आत उघडणारं दार ओढायला जागाच राहिली नाही. ४९२ माणसं गेली. त्यानंतर अमेरिकेत फिरत्या दाराच्या बाजूला बाहेर उघडणारी साधी दारं असलीच पाहिजेत, असे नियम झाले.

आपली पतसंस्था म्हणजे नाइटक्लब नव्हे, हे खरं. पण वरच्या मजल्यावर सभागृह आहे. वार्षिक सभा असते, लग्नाला हॉल दिला जातो, दिवाळीच्या आधी ठेवींच्या व्याजासाठी रांग लागते. त्या सगळ्यांची बाहेर पडायची वाट जर या एकाच दारातून असेल, तर ते बाहेरच्या बाजूला, एका रेट्यात उघडायला हवं. आणि आत माणसं असताना त्याला खालून कुलूप घातलेलं नसावं.

आपोआप सरकणाऱ्या दाराचा मोह पुष्कळांना होतो. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये कॉर्पस क्रिस्टी हे समुद्रकाठचं वाऱ्याचं गाव आहे. तिथल्या डी हॉर्टन आणि ल्यू ह्युइट यांना १९५४ मध्ये असं दार सुचलं, कारण वाऱ्यामुळे झुलणारी दारं आवरत नव्हती. ज्या गावी दार जन्मलं त्या गावचं कारण बघा: वारा. आपल्या तालुक्याच्या गावचं कारण काय? तिथे वीज जाते. वीज गेल्यावर ते दार हाताने उघडतं का, हे विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि कोकणात, जिथे पाऊस आडवा येतो, तिथे जमिनीतल्या फ्लोअर स्प्रिंगच्या पेटीत पाणी साचून ती गंजते, हेही लक्षात घ्यावं लागतं. दार निवडताना शहरातली शोरूम डोळ्यांपुढे आणण्यापेक्षा आपल्या गावचा जुलै महिना आणावा.

आता केरळच्या त्या दुपारकडे परत येऊ. तिथे दोन गोष्टी एकदम चुकल्या. दार दिसलं नाही, आणि काच सुरीसारखी फुटली. दुसरीचं उत्तर आपण पाहिलं. पहिलीचं उत्तर त्याहून स्वस्त आहे. काच जितकी स्वच्छ आणि चांगली, तितकी ती दिसत नाही. आपण शतकानुशतकं काच अधिक आरपार व्हावी म्हणून धडपडलो, आणि शेवटी ती इतकी आरपार झाली की माणसं तिच्यावर आदळू लागली. ब्रिटनमधल्या इमारतींच्या नियमांत यासाठी काचेवर दोन उंचींवर ठळक खुणा करायला सांगितलंय. एक ८५० ते १००० मिलिमीटरच्या मध्ये, दुसरी १४०० ते १६०० च्या मध्ये. म्हणजे एक मोठ्या माणसाच्या डोळ्यांपुढे, एक मुलाच्या किंवा चाकाच्या खुर्चीत बसलेल्याच्या. आपण तोरण बांधतो ते वर चौकटीला, त्याने काम होत नाही. काचेवर आडवी पट्टी लावा, संस्थेचं बोधचिन्ह लावा, पण डोळ्यांपुढे लावा.

आणि चाकाच्या खुर्चीचा विषय निघालाच आहे म्हणून. २०१६ मध्ये आपल्याकडे दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा झाला. दार उघडल्यावर मोकळी जागा किमान ९०० मिलिमीटर हवी, असं आपली मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दोन पाखांचं दार घेतलं आणि रोज एकच पाख उघडलं, तर त्या एका पाखातून एवढी जागा मिळते का? हे कोटेशनमध्ये लिहिलेलं नसतं. ते टेपने मोजायचं असतं.

तर सचिवसाहेब, तुम्ही आज इथे आहात, आम्हाला दिसताय. (हशा) तुमच्या तीन कोटेशनांचं काय करायचं, ते आता सांगतो.

तिन्ही घेऊन बसा आणि प्रत्येकात आधी काचेचा प्रकार शोधा. नुसतं '१२ एमएम ग्लास' लिहिलं असेल तर तो भाव बाजूला ठेवा. टफन्ड किंवा लॅमिनेटेड, मानकाप्रमाणे, असं लिहून घ्या. काच आली की तिच्या कोपऱ्यात न पुसला जाणारा शिक्का असतो, तो वाकून बघा. तो नसेल तर काच उतरवून घेऊ नका. टफन्ड काच एकदा तयार झाल्यावर कापता येत नाही, तिला भोकं पाडता येत नाहीत. म्हणून कुलूप, मूठ, पॅच फिटिंग कुठे येणार हे आधी ठरवा आणि मापं बांधकाम पूर्ण झाल्यावर घ्या. नकाशावरून घेऊ नका. तिचा कोपरा आणि कडा हीच तिची रूपर्टची शेपटी. तिथे ठोका बसू देऊ नका.

मग ऊन बघा. दार पश्चिमेला असेल तर आधी पुढे छज्जा किंवा पडवी काढा, काच नंतर. हॉर्नबी रोडच्या कमानी आठवा.

आणि शेवटचं. दार बसलं की उद्घाटनाच्या आदल्या दिवशी गावातल्या चार माणसांना बोलवा. एक आजीबाई, एक चाकाच्या खुर्चीत बसणारे किंवा कुबडी घेऊन चालणारे, एक पहिली-दुसरीतलं पोर, आणि दोन्ही हातांत पिशव्या घेतलेला कुणी. त्यांना सांगा, या आत. काही समजावून सांगू नका. नुसतं बघा. कोण कुठे थांबतं, कोण कुणाची वाट पाहतं, कोण चपला काढतं. दारावर मराठीत 'ढकला' लिहायचं आहे की नाही, पट्टी आणखी खाली हवी की नाही, स्प्रिंग सैल करायची की नाही, हे ती चार माणसं तुम्हाला सांगतील. दुसऱ्या दिवशी फीत कुणीही कापो.

त्या चौघांना लागणारा वेळ अर्धा तास. इतिहासात लोकांनी याच गोष्टी शिकायला शंभर-दीडशे वर्षं घेतली आणि फार मोठी किंमत दिली. ती किंमत देऊन झाली आहे. आपल्या गावात ती पुन्हा देण्याचं काही कारण नाही.

एवढं बोलून आम्ही थांबतो.